सामना संपल्यावरची गाडी

एसटीच्या पाट्यांवर टेंभुर्णी नावाची दोन गावे आहेत आणि परक्या माणसाची त्यात हमखास गल्लत होते. एक सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यातले, पुणे-सोलापूर महामार्गावरचे. पुण्याकडून पंढरपूरला निघालेल्या कित्येक गाड्या तिथेच महामार्ग सोडतात, त्यामुळे वारकऱ्यांच्या तोंडी हे नाव बसलेले. दुसरे टेंभुर्णी जालना जिल्ह्यातले, जाफ्राबाद तालुक्यातले. इथे रेल्वे नाही. आगगाडीत बसायचे तर आधी जालना गाठायचे, आणि ते एसटीने किंवा कुणाच्या तरी गाडीने.

या दुसऱ्या टेंभुर्णीहून निघणारे दोन प्रवासी डोळ्यांसमोर आणावेत. पहिला निघाला आषाढीला. एसटी महामंडळाने २०२५ च्या आषाढीसाठी ५,२०० जादा गाड्यांची तयारी केली होती, आणि ४० किंवा त्याहून जास्त माणसांनी एकत्र मागणी केली तर गाडी थेट त्यांच्या गावातून सोडण्याची सोयही होती. म्हणजे पारापाशी गाडीत बसायचे आणि पंढरपुरातच उतरायचे.

दुसरा प्रवासी तरुण आहे. त्याच्या मोबाइलमध्ये नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममधल्या गाण्याच्या कार्यक्रमाचे तिकीट आहे. जालन्याहून मुंबईला ३० डिसेंबर २०२३ पासून वंदे भारत सुरू झाली, तेव्हा ती पहाटे ५ वाजून ५ मिनिटांनी सुटायची. गावाकडच्या माणसाला त्यासाठी आदल्या संध्याकाळीच जालन्यात पथारी टाकणे भाग होते. ऑगस्ट २०२५ मध्ये ही गाडी नांदेडपर्यंत वाढली आणि जालन्याची वेळ जरा माणसांत आली. पुढचा टप्पा सोपा आहे, पण तो माहीत असावा लागतो. दादरपर्यंत जायचे कारण नाही. ठाण्याला उतरायचे, फलाट क्रमांक ९ किंवा १० गाठायचा आणि ट्रान्स हार्बरची नेरूळ किंवा पनवेल लोकल पकडायची. मुंबई शहरात पाऊलही न टाकता मराठवाड्यातला माणूस स्टेडियमच्या दारात पोचतो.

खरी अडचण रात्री दहाला सुरू होते. मराठवाड्याकडे जाणारी हक्काची देवगिरी एक्स्प्रेस रात्री नऊच्या सुमारास मुंबई सोडते, म्हणजे गायक शेवटची गाणी गात असतो तेव्हा ती कल्याणकडे धावत असते. वंदे भारत दुसऱ्या दिवशी दुपारी. जायची सोय उत्तम, यायची सोय दुसऱ्या दिवशी, असा हा प्रवास.

मोठ्या मैदानाच्या वाहतुकीचे सगळे कोडे याच जागी आहे. माणसे येतात ती विखरून. कुणी दुपारी तीनला येऊन दारात उभा राहतो, कुणी पहिले षटक संपल्यावर धापा टाकत शिरतो. चाळीस-पन्नास हजारांची गर्दी चार-पाच तासांत थोडी थोडी जमते, म्हणून ती शहराला सोसते. निघताना मात्र सगळे एकदम उठतात. शेवटचा चेंडू पडला की पंधरा मिनिटांत सगळ्यांना एकाच रस्त्यावर, एकाच जिन्यावर, एकाच फलाटावर जायचे असते. त्यात रात्र झालेली, मुले पेंगुळलेली, मोबाइलची बॅटरी उतरलेली.

आकडेमोड करून पाहिली तर प्रश्नाचा आकार कळतो. एसटीच्या साध्या गाडीत चव्वेचाळीस आसने धरली तर पन्नास हजार माणसांना साडेअकराशेच्या आसपास गाड्या लागतील. मोटारीत सरासरी तीन माणसे धरली तर साडेसोळा हजार मोटारी, आणि त्या उभ्या करायला स्टेडियमच्या कितीतरी पट मोकळी जागा. बारा डब्यांच्या लोकलमध्ये बसायला हजार-बाराशे जागा असतात, पण गर्दीच्या वेळी तीन हजारांहून जास्त माणसे त्यात मावतात. 'मावतात' हा शब्द मुंबईच्या अर्थाने घ्यावा. म्हणजे सतरा लोकल. दर पाच मिनिटांनी एक सोडली तर दीड तासात मैदान, रस्ता आणि स्थानक तिन्ही रिकामे. रुळांना पर्याय नाही हे सांगायला एवढा हिशेब पुरे आहे.

डी. वाय. पाटील स्टेडियमला हे रूळ जवळजवळ आयते मिळाले. हार्बरची लोकल मानखुर्दहून खाडी ओलांडून १९९२ मध्ये वाशीला आली, पुढच्या वर्षी नेरूळपर्यंत गेली, १९९८ पर्यंत पनवेलला पोचली. या रेल्वेचा दोनतृतीयांश खर्च नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोने उचलला होता. शहर वसवायचे तर आधी गाडी आणावी लागते, हे त्यांनी ओळखले होते. २००४ मध्ये ठाण्याकडून ट्रान्स हार्बर आली. स्टेडियमचे उद्घाटन झाले मार्च २००८ मध्ये. तोवर नेरूळ, जुईनगर आणि सीवूड्स ही तीन स्थानके आपापल्या जागी होती, सायन-पनवेल महामार्ग शेजारून जात होता. नेरूळ स्थानकापासून चालत वीस-पंचवीस मिनिटे. पहिल्याच वर्षी आयपीएलचा अंतिम सामना तिथे झाला.

हे चालत जाण्याचे अंतर ऐकून नाक मुरडणारे पुष्कळ भेटतात. स्थानक अगदी दारात हवे, असे त्यांचे म्हणणे. खरे तर मधला रस्ता हाच गर्दीचा बांध आहे. कुणी भराभर चालतो, कुणी वडापाव खायला थांबतो, कुणी हरवलेला मित्र शोधत बसतो. दोन किलोमीटरमध्ये गर्दीची लांब माळ होते आणि फलाटावर ती गाठीगाठीने पोचते. तीन स्थानके असली की तीच माळ तीन वाटांनी फुटते. अट एकच, की तो रस्ता पायी चालणाऱ्यांसाठी मोकळा ठेवलेला असावा. दुचाक्या, रिक्षा आणि 'एक मिनिट थांबतो' म्हणणाऱ्या टॅक्सींनी तो भरला की सगळा फायदा वाया.

जानेवारी २०२५ मध्ये १८, १९ आणि २१ तारखेला इथे कोल्डप्लेचे तीन कार्यक्रम झाले. वाहतूक पोलिसांनी अवजड वाहनांना परिसरात बंदी केली, मोटारी दूर उभ्या करून लोकांना बसने आणले गेले. तिकीट विकणाऱ्या कंपनीने गोरेगाव ते नेरूळ अशी खास लोकलच रेल्वेकडून भाड्याने घेतली, मोजक्या थांब्यांची. पश्चिम उपनगरांतला माणूस एरवी नेरूळला जाताना गाडी बदलण्यात बेजार होतो, त्याला ही सोय म्हणजे चैनच. लग्नाच्या वऱ्हाडाला एसटी करतात तशी वऱ्हाडाची लोकल.

कार्यक्रमाच्या बाजूने आणखी एक गोष्ट उभी होती, जिचा वाहतुकीशी काही संबंध नाही असे वाटते. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम उघड्यावर रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला मनाई करतात. वर्षातले थोडे दिवस तेवढी सवलत. म्हणून मैफल दहाला संपते, आणि उपनगरी रेल्वेची रात्रीची विश्रांती साधारण एक ते चार, त्याआधी तीन तास हाती राहतात. गाण्याला लागलेला लगाम गाडीच्या कामी येतो.

क्रिकेटला असा लगाम नाही. आयपीएलचा सामना साडेसातला सुरू होतो आणि अकरा वाजून गेल्यावर संपतो, अटीतटीचा झाला तर आणखी उशिरा. २ नोव्हेंबर २०२५ च्या रविवारी याच नेरूळच्या मैदानावर महिला विश्वचषकाचा अंतिम सामना होता. दुपारी तीनचा खेळ पावसामुळे पाचला सुरू झाला. हरमनप्रीत कौरने शेवटचा झेल घेतला, भारताने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवले, तेव्हा घड्याळ मध्यरात्रीला टेकले होते. त्यानंतर पारितोषिके, आतषबाजी, अश्रू. देशाने पहिल्यांदा जिंकलेला चषक सोडून शेवटच्या लोकलसाठी उठायचे की थांबायचे, हा प्रश्न कल्याणच्या, विरारच्या माणसाला त्या रात्री पडलाच असणार. मैदानाचे वेळापत्रक एकजण ठरवतो, गाडीचे दुसरा, आणि पाऊस तिसरा. त्यात रविवारचा मेगाब्लॉक हा मुंबईचा बारमाही सण. मोठ्या सामन्याची तारीख ठरवणाऱ्यांनी पंचांगाबरोबर तोही पाहावा.

महाराष्ट्रातली मैदाने जिथे आहेत तिथे का आहेत, हे शोधायला गेले तर एक गमतीदार धागा हाती लागतो. मुंबईचे ब्रेबॉर्न १९३७ चे, चर्चगेटपासून हाकेच्या अंतरावर. ते क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचे. सामन्याच्या तिकिटांत आम्हाला वाटा किती, यावरून शहराच्या क्रिकेट संघटनेचे क्लबशी बिनसले. संघटनेचे अध्यक्ष शेषराव वानखेडे हे विदर्भातले राजकारणी. त्यांनी सरळ दुसरे मैदान बांधायचे ठरवले. वास्तुरचनाकार शशी प्रभू यांनी पश्चिम रेल्वेच्या रुळांना चिकटलेल्या जागेत वानखेडे स्टेडियम उभे केले आणि जानेवारी १९७५ मध्ये तिथे वेस्ट इंडिजविरुद्ध पहिली कसोटी झाली. भांडण तिकिटांचे, पण नवे मैदानही जुन्यापासून चालत दहा मिनिटांवर आणि एका बाजूला चर्चगेट, दुसऱ्या बाजूला मरीन लाइन्स. प्रेक्षकाचे काही बिघडले नाही.

पुण्यात तेच भांडण झाले आणि प्रेक्षकाचे सगळेच बिघडले. तिथले नेहरू स्टेडियम महापालिकेचे, सारसबागेच्या आणि स्वारगेटच्या शेजारी. २९ फेब्रुवारी १९९६ ला केनियाने वेस्ट इंडिजला अवघ्या ९३ धावांत गुंडाळले, तो विश्वचषकातला खळबळजनक सामना याच मैदानावरचा. तो पाहून साताऱ्याचा माणूस चालत स्वारगेटला जाऊन एसटीत बसू शकत होता. पुढे महाराष्ट्र क्रिकेट संघटना आणि महापालिका यांच्यात तिकिटांच्या वाटपावरून वाजले आणि संघटनेने शहराबाहेर गहुंज्याला, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गालगत, स्वतःचे मैदान उभारले. २०१२ मध्ये ते खेळासाठी खुले झाले. इमारत देखणी, विलायतेतल्या नामांकित वास्तुरचनाकारांची, जागा मोटारवाल्यांसाठी. जवळचे रेल्वे स्थानक म्हणजे पुणे-लोणावळा मार्गावरचे बेगडेवाडी, पण त्या मार्गावर लोकल मुंबईसारख्या पाच-पाच मिनिटांनी येत नाहीत आणि स्थानकापासून मैदानापर्यंत प्रेक्षकांसाठी केलेली पायवाट नाही.

२०१८ च्या एप्रिलमध्ये गहुंज्याने एक वेगळेच दृश्य पाहिले. कावेरीच्या पाण्यावरून तमिळनाडूत आंदोलन पेटले होते, त्यामुळे चेन्नई सुपर किंग्जचे घरचे सामने पुण्यात हलवले गेले. संघाने आपल्या हजारभर चाहत्यांसाठी चेन्नईहून पुण्याला अख्खी आगगाडी केली. पिवळे सदरे, शिट्ट्या, ढोल. हजार किलोमीटर रुळांवरून सुखात आलेली ही मंडळी पुणे स्थानकावर उतरली, आणि शेवटच्या तीस-एक किलोमीटरसाठी त्यांना बसमध्ये बसवावे लागले. गहुंज्यावर याहून बोचरी टीका कुणी लेखणीने केलेली नाही.

नागपूरची गोष्ट पुण्याच्याच वळणाची. सिव्हिल लाइन्समधले जुने मैदान शहराच्या पोटात. नवे जामठ्याचे, २००८ पासूनचे, वर्धा रस्त्यावर शहराबाहेर. पंचेचाळीस हजार आसने आणि बाहेर पडायला मुख्य रस्ता एकच, तोही हैदराबादकडे जाणाऱ्या मालट्रकांचा. सामन्याच्या रात्री वर्धा रस्त्यावर अडकणे हा नागपूरकरांच्या गप्पांचा ठरलेला विषय झाला. २०१९ मध्ये मेट्रो खापरीपर्यंत धावू लागली तेव्हा थोडा श्वास मिळाला. सामन्याच्या दिवशी मेट्रो नेहमीपेक्षा उशिरापर्यंत चालवतात. पण खापरी आणि जामठा यांत काही किलोमीटर उरतात, आणि मध्यरात्रीच्या सुमारास तेच सर्वांत लांब वाटतात. दुसऱ्या टप्प्याची मार्गिका मिहानपासून बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीकडे जाणार आहे. ती धावू लागेल तेव्हा मैदान बांधून किती वर्षे झाली, हे कुणीतरी मोजावे.

अहमदाबादने हा क्रम निदान लवकर जुळवला. मोटेराचे नवे स्टेडियम २०२० चे, एक लाखाहून अधिक आसनांचे; त्याच्या नावाचे मेट्रो स्थानक २०२२ मध्ये सुरू झाले. २०२३ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्याला मुंबईहून खास आगगाड्या सोडल्या गेल्या आणि मेट्रो रात्री उशिरापर्यंत चालली. सिडनीने तर २००० च्या ऑलिम्पिकसाठी दोन वर्षे आधीच मैदानांच्या मधोमध रेल्वेचा फेरा टाकला. गाडी एका दिशेने येते, वळसा घेऊन तशीच पुढे निघून जाते, उलटे फिरायचा खोळंबा नाही. उतरणाऱ्यांचा फलाट एका बाजूला, चढणाऱ्यांचा दुसऱ्या. प्रेक्षकांच्या मोटारींना जागाच ठेवली नव्हती; खेळाच्या तिकिटातच रेल्वेचे भाडे धरलेले. जर्मनीत फुटबॉलच्या बहुतेक तिकिटांवर त्या दिवशीचा शहरी प्रवास मोफत असतो आणि २००६ च्या विश्वचषकात सगळ्या प्रेक्षकांना तो मिळाला. आपल्याकडे तिकिटावर पाण्याची बाटली आत नेऊ नये, हे ठळक छापतात. घरी कसे जावे, याचा त्यावर शब्द नसतो.

रूळ जवळ असले म्हणजे सारे निभावते, असेही नाही. ४ जुलै २०२४ ला टी-ट्वेंटी विश्वविजेत्या संघाची मिरवणूक मरीन ड्राइव्हवरून वानखेडेकडे निघाली, तेव्हा लोकलने येणे सोपे होते म्हणूनच लाखो लोक आले. नंतर समुद्राकाठी चपलांचे खच उरले. बेंगळुरूत ४ जून २०२५ ला, आयपीएलच्या विजयानंतर, चिन्नास्वामी स्टेडियमच्या दारांशी चेंगराचेंगरी होऊन ११ जणांचा जीव गेला. मैदानाजवळच्या काही मेट्रो स्थानकांवर त्या दिवशी गाड्या थांबवणे बंद करावे लागले. ऐकायला उलटे वाटते, पण गर्दी हाताबाहेर जाऊ लागली की सर्वांत जवळचे स्थानक बंद करून माणसांना पुढच्या स्थानकाकडे चालायला लावणे हाच कधीकधी शहाणपणा असतो. गाडी जलद गर्दी आणते; जिना ती तितक्या जलद सोडत नाही. २९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर २३ माणसे गेली, त्या दिवशी ना सामना होता ना मैफल. पाऊस होता, अरुंद जिना होता आणि एकापाठोपाठ एक आलेल्या लोकल होत्या.

वानखेडेला ऑक्टोबर २०२५ पासून भुयारी मेट्रोचीही जोड मिळाली. चर्चगेटचे नवे स्थानक मैदानापासून चालत थोड्याच अंतरावर आहे. मात्र ही मार्गिका सुरू झाली तेव्हा शेवटच्या गाडीची वेळ होती रात्री साडेदहा, म्हणजे दुसऱ्या डावाची बारा-तेरा षटके टाकून होतात तेव्हा.

परदेशातली उदाहरणे पाहताना घरातले एक मोठे उदाहरण मात्र नजरेतून सुटते. पंढरपुरात आषाढीला जमणाऱ्या गर्दीपुढे कुठलेही स्टेडियम लहान आहे आणि दर्शन घेतले की त्या गर्दीलाही घरीच जायचे असते. एसटी त्यासाठी गावाच्या कडांना चार तात्पुरती बसस्थानके उभारते: चंद्रभागा, भीमा, पांडुरंग आणि विठ्ठल. कुठल्या विभागाच्या गाड्या कुठून सुटणार हे आधी ठरलेले असते. मराठवाड्याचा वारकरी कोकणच्या वारकऱ्याला आडवा जात नाही. यात नवीन यंत्र नाही, खर्चिक पूल नाही. दिशेप्रमाणे माणसे वेगळी काढायची, एवढीच युक्ती. खुद्द जालना जिल्ह्यातही राजूरच्या गणपतीला अंगारकीला लोटणाऱ्या गर्दीसाठी जादा गाड्या सुटतात, कित्येक जण रात्रभर पायी जातात, आणि सकाळी सगळे घरी परततातही. जत्रेची वाहतूक या महामंडळाच्या अंगवळणी पडलेली आहे. चालक-वाहकांना ती कुणी शिकवायला नको.

तरीही नेरूळ, गहुंजे किंवा जामठा येथे मोठा सामना असतो तेव्हा 'छत्रपती संभाजीनगर विभाग – इकडे', 'अमरावती विभाग – तिकडे' असे फलक लावून रात्री बाराला उभ्या असलेल्या एसटी गाड्या दिसत नाहीत. लांबून येणारा प्रेक्षक हा मोटारवाला आहे, असे सगळ्यांनी धरून ठेवले आहे. टेंभुर्णीच्या त्या तरुणाला कुणी मोजलेलेच नाही.

त्याच्यासाठी एक वाट मात्र आजही उघडी आहे. एसटीकडे 'प्रासंगिक करार' नावाची जुनी सोय आहे. वऱ्हाड, शाळेची सहल, देवदर्शन, पुढाऱ्याची सभा, सगळ्यांना गाड्या जातात त्या याच करारावर. गावातली आणि शेजारच्या वाड्यांमधली चाळीस पोरे एकत्र आली तर जाफ्राबाद आगारात हा अर्ज सामन्यासाठीही भरता येईल. अर्जातली परतीची वेळ मात्र सामना संपण्याच्या दोन तास पुढची लिहावी, आणि गाडी मैदानाच्या दाराशी बोलावण्याऐवजी महामार्गाच्या कडेला, ठरलेल्या खुणेपाशी उभी करायला सांगावी.